सहा काळपट नाणी आणि एक 'एमएच' – रोमन प्रांतिक ब्रॉंझ ओळखायला मदत हवी

स्टुटगार्टकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वेळा नुसता वाचनमात्र असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी इथे जुन्या नाण्यांचा बाजार होता, बायको म्हणाली नुसतं बघून ये, आणि मी पाच नाणी घेऊन आलो. विकणारे आजोबा म्हणाले ही रोमन आहेत पण रोमची नाहीत. मी म्हटलं म्हणजे? ते म्हणाले 'प्रोव्हिन्शियल', म्हणजे प्रांतातली, आणि हसून दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळले. पावती दिली त्यांनी, ती ठेवलीय. सहावं नाणं माझ्या मेहुण्याने तुर्कस्तानच्या ट्रिपवरून आणलेलं आहे, त्यावर एक बाई उभी आहे जिच्या छातीवर अंडी अंडी आहेत.

फोटो खाली टाकलेत. सगळ्यात जास्त उत्सुकता पहिल्याची आहे. २७ मिमी, १२.४ ग्रॅम (किचनच्या काट्यावर नाही हो, छोटा सोनारी काटा मागवला). पुढच्या बाजूला दोन चेहरे एकमेकांकडे बघतायत, नवरा-बायको असावेत. मागे एक बाई उभी, हातात वल्ह्यासारखं काहीतरी आणि दुसऱ्या हातात शिंग. कडेने अक्षरं आहेत, मला एवढीच लागली: एम-एच-एन-ओ, मग एक काठी घातलेला गोल, मग पुसट, पुढे एम-ए-पी-के-आय-ए-एन. बाईच्या बाजूला मोकळ्या जागेत एकच मोठा ई.

कोणी सांगेल का हे काय आहे?

खोडसाळपंत

एमएच म्हटल्यावर महाराष्ट्र पासिंग आहे. आरटीओत चौकशी करा.

पायलीभर

+१ फक्त गाडी नंबर टाकायचा राहिलाय.

शिवराईवाला

वा, इथे असा धागा येईल असं वाटलं नव्हतं. मी तीसेक वर्षं शिवराया गोळा केल्या, रिटायर झाल्यावर या रोमन चिल्लरच्या नादी लागलो, त्यामुळे जरा लांबण लावतो, वैतागू नका.

आधी 'रोमन आहेत पण रोमची नाहीत' याचा अर्थ. रोमच्या टांकसाळीतून सोन्या-चांदीची आणि ब्रॉंझची जी नाणी निघायची ती साम्राज्याची अधिकृत नाणी. पण पूर्वेकडे, म्हणजे आजचा ग्रीस, बल्गेरिया, तुर्कस्तान, सीरिया, इजिप्त या पट्ट्यात, रोजची सुट्टी चिल्लर त्या त्या शहराने स्वतःच पाडायची असा प्रकार होता. पाचशेहून जास्त शहरं आहेत अशी. एका बाजूला बहुतेक वेळा बादशहाचा मुखडा, दुसऱ्या बाजूला गावाची देवता, गावचं देऊळ, गावची नदी, काय वाट्टेल ते. आपल्याकडे कच्छ संस्थानच्या नाण्यांवर एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला रावसाहेबांचं असायचं ना, साधारण तीच भानगड. ज्युलियस सीझर मेला (इ.स.पू. ४४) तिथपासून डायोक्लेशियन बादशहाच्या नाणेसुधारणेपर्यंत, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या अखेरपर्यंतचा काळ धरतात. पश्चिमेकडे स्पेन, फ्रान्समध्येही सुरुवातीला होती पण पहिल्या शतकातच ती बंद पडली.

आता तुमचं एमएच. ते इंग्रजी नाही, ग्रीक आहे. ग्रीकमध्ये एच दिसतो तो 'ईटा', उच्चार ई. पी दिसतो तो 'ऱ्हो', म्हणजे र. काठी घातलेला गोल म्हणजे 'फी', फ चा उच्चार. आणि या काळच्या नाण्यांवर स चं अक्षर नेहमीच्या ग्रीकसारखं नसतं, ते सरळ इंग्रजी सी सारखं असतं, तिथे सगळे नवशिके आपटतात, मीही आपटलोय. तर तुमचं वाचन झालं 'मीनोफ...' आणि 'मार्कियान...'. पुढचं बघून सांगतो, फोटो तिरप्या उजेडात परत काढता का? फ्लॅश नको. खिडकीशी पांढऱ्या कागदावर ठेवा आणि टॉर्च बाजूने जमिनीलगत धरा, अक्षरं उठून येतात.

निळाईत

वाचनखूण साठवली. शिवराईवाले काका, तुमच्या शिवराईच्या धाग्यावरून मी घरातला डबा उपसला होता, आता परत उपसते.

अर्धवटराव

मार्कियान म्हणजे मार्कियानोपोलिस. आज देव्न्या, बल्गेरिया, वार्ना शहराजवळ. ट्राजान बादशहाने वसवलं आणि बहिणीचं नाव दिलं, मार्कियाना. दोन तोंडं समोरासमोर आणि मोकळ्या जागेत ई ही त्या गावची खास स्टाईल. चेहऱ्यावरून पोरगा दिसतोय, दाढी नाही, गोर्डियन तिसरा. समोर त्याची बायको ट्रांक्विलिना. सोडवलं. पुढचं नाणं.

स्टुटगार्टकर

अरे बापरे, पंधरा मिनिटांत! म्हणजे नवरा-बायको बरोबर होतं ना माझं? बायकोला सांगितलं लगेच, तिला आता हे नाणं आवडायला लागलंय.

शिवराईवाला

अर्धवटराव, गाव बरोबर, बादशहा बहुतेक बरोबर, पण बायकोवर घाई केलीत.

त्या 'मीनोफ' कडे बघा. या भागातल्या (लोअर मोएसिया प्रांत) नाण्यांवर मागच्या बाजूला राज्यपालाचं नाव येतं, सुरुवातीला 'उपो' ची दोन अक्षरं, म्हणजे 'अमुकच्या अमदानीत'. हा टुलियस मीनोफिलस. माणूस साधा नव्हता, २३८ साली मॅक्सिमिनस बादशहा सैन्य घेऊन इटलीवर चालून आला तेव्हा अक्विलेया शहराचा बचाव करणाऱ्या दोघांपैकी हा एक. त्यानंतर याला मोएसियाचा कारभार मिळाला, २४१ च्या आसपासपर्यंत. आणि गोर्डियनचं लग्न झालं २४१ मध्ये. २३८ ला गादीवर बसला तेव्हा पोरगं १३ वर्षांचं होतं! ट्रांक्विलिनाबरोबरची मार्कियानोपोलिसची नाणी येतात ती नंतरच्या राज्यपालाच्या, टर्टुलियानसच्या नावाने.

म्हणजे मीनोफिलस जर बरोबर वाचला असेल तर समोरचा चेहरा बायकोचा नसावा. धागाकर्त्याने उजवीकडच्या डोक्यावर काय आहे ते नीट बघावं.

अर्धवटराव

ओके, हे पटलं. मी फक्त दोन तोंडं बघितली आणि बायको लावली.

पायलीभर

तुमचा नेहमीचा प्रॉब्लेम.

स्टुटगार्टकर

काल रात्री ऑफिसमधून आल्यावर टॉर्चवाला प्रयोग केला, नवीन फोटो टाकलेत. काका दंडवत. उजवीकडच्या चेहऱ्याला दाढी आहे हो! मला आतापर्यंत ती गळ्यातली माळ वाटत होती. आणि डोक्यावर उलटी बादली किंवा डबा ठेवल्यासारखं काहीतरी आहे. घरात वातावरण जरा थंड आहे कारण बायकोला सांगावं लागलं की ही बाई नसून दाढीवाला बाप्या आहे.

शिवराईवाला

सेरापिस! देव आहे. मूळचा अलेक्झांड्रियाचा, इजिप्तचा ओसिरिस आणि ग्रीकांचा झ्यूस यांची मोट बांधून तयार केलेला. डोक्यावरचा डबा म्हणजे धान्य मोजायचं माप, रोमन लोक 'मोडियस' म्हणायचे. आपली पायली समजा.

खोडसाळपंत

मग कळायला इतका वेळ का लागला? बायको असती तर माप उंबरठ्यावर ठेवून पायाने ओलांडलं असतं. डोक्यावर घेऊन बसलाय म्हणजे नवरी नाहीच.

निळाईत

:)) पंत, आजचा प्रतिसाद फ्रेम करून लावा.

पायलीभर

माझ्या आयडीचा मान राखल्याबद्दल सेरापिसचे आभार.

शिवराईवाला

पंत, हे मी आमच्या नाणेमित्रांना सांगणार, तुमचं नाव न घेता.

आता राहिलं ते ई. तो अंक आहे. ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहायचे: अल्फा १, बीटा २, गॅमा ३, डेल्टा ४, एप्सिलॉन ५. पाच असारिया (असारियॉन म्हणजे तेव्हाचं छोटं चिल्लर नाणं) किमतीचं नाणं, म्हणून नाणेवाले याला पेंटासारियॉन म्हणतात. शेजारच्या टोमिस शहराने (आजचं कॉन्स्टान्झा, रोमानिया, जिथे ओव्हिड कवीला हद्दपार केलं होतं) डेल्टापुढे अर्ध्याची खूण टाकून साडेचारचं नाणं पाडलंय. साडेचार! मला ते बघून इतका आनंद झाला होता की काय सांगू, आपल्या अडीचकी-दीडकीच्या घरातलं वाटलं. पण नुसत्या ई वरून गाव ठरवू नका, ओडेसोस म्हणजे आजचं वार्ना, तिथल्या नाण्यांवरही ई सापडतो.

आणि मागची बाई टिखी, नशिबाची आणि गावाची देवता. हातात सुकाणू आणि भरलेलं शिंग.

आता मला या नादात सगळ्यात आवडलेली गोष्ट. गावाचं नाव नाण्यावर 'मार्कियानोपोलिस' असं सहसा नसतं, ते 'मार्कियानोपोलितोन' असं असतं. त्या शेवटच्या 'ओन' चा अर्थ 'अमुक गावच्या लोकांचं'. म्हणजे सरळ मराठीत 'मार्कियानोपोलिसकरांचं'. इफेसियोन, इफेससकरांचं. निकाइयोन, नाइसियाकरांचं. ग्रीक येत नसलं तरी हे लक्षात ठेवा: अक्षरांच्या शेवटी ओमेगा आणि एन शोधायचा (ओमेगा कधी घोड्याच्या नालेसारखा तर कधी डब्ल्यूसारखा), तो सापडला की त्याच्या मागे जे आहे ते गाव. मुखडा बघून बादशहा ठरवत बसण्यापेक्षा आधी 'कर' शोधा. मी शिवराया बघताना 'छत्रपति' चा 'ति' कुठे आलाय ते आधी बघायचो, कारण ठसा अर्धा नाण्याबाहेर गेलेला असायचा, इथेही तेच, अर्धं गाव कडेबाहेर असतं.

अर्धवटराव

+१००. आणि मुखड्यावर भरवसा न ठेवण्याचं अजून एक कारण. १९७२ मध्ये कोनराड क्राफ्ट या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिलं की आशिया मायनरमध्ये बादशहाच्या मुखड्याचा एकच ठसा दोन-तीन वेगवेगळ्या शहरांच्या नाण्यांना वापरलेला दिसतो. म्हणजे प्रत्येक गावाची स्वतःची टांकसाळ होतीच असं नाही, एकच कारखाना अनेक गावांची कामं घ्यायचा, किंवा कारागीर गावोगाव फिरायचे, यावर अजून वाद चालू असतो. लग्नपत्रिका छापणाऱ्यासारखं, गणपती तोच, खाली आडनाव बदलायचं.

कोल्हापुरी_ठसका

प्रश्न: आमच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात रोमन वस्तू मिळाल्या, तो ब्रॉंझचा पोसायडन टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, शाळेच्या सहलीत बघितलाय. मग अशी नाणी महाराष्ट्रात सापडत असतील ना? आमच्या आजोळी एका डब्यात हिरवी नाणी आहेत.

शिवराईवाला

पोसायडन खरा आणि सुंदर आहे. पण ही प्रांतिक ब्रॉंझ नाणी म्हणजे त्या त्या भागातली चिल्लर, मार्कियानोपोलिसचा पैसा दोन-चार गावांपलीकडे कोण घेणार? व्यापारात भारतात आलं ते मुख्यतः सोनं आणि चांदी, तेही जास्त करून दक्षिणेत, कोइंबतूरच्या बाजूला. उशिराची छोटी रोमन तांब्याची नाणी तमिळनाडू आणि श्रीलंकेत सापडतात पण तो चौथ्या-पाचव्या शतकाचा वेगळा विषय. आजोळच्या डब्यात शिवराई, संस्थानी पैसे असण्याची शक्यता खूप जास्त. आणि तीही काही कमी नाहीत, फोटो टाका, वेगळा धागा काढा.

हो आणि कुणाला जमिनीत काही सापडलं तर ते 'सापडलं ते आपलं' नसतं. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही मिळालं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं.

गोदाकाठ

नाशिककर म्हणून एक भर घालतो. १९०६ साली आमच्या जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली होती, त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा परत मारलेला आहे. नहपानाच्या नाण्यावर एका बाजूला मुखडा आणि भोवती ग्रीक अक्षरं, म्हणजे इथपर्यंत ती फॅशन पोचली होती. रोमन प्रांतिक नाण्यांवर असं परत ठसा मारणं चालायचं का?

शिवराईवाला

चालायचं म्हणजे काय, भरपूर. पण फरक बघा. सातकर्णीने पूर्ण नाण्यावर आपली चिन्हं मारली, 'आता मी' असं सांगायला. प्रांतिक नाण्यांवर बहुतेक वेळा छोटा शिक्का असतो, एखादं अक्षर, एखादं डोकं, गरुड. झिजलेलं नाणं अजून चालेल म्हणायला, किंमत बदलायला, किंवा सैन्यात वाटायला. जुडियामध्ये दहाव्या लीजनचे (लीजन म्हणजे रोमन सैन्याची मोठी तुकडी) शिक्के प्रसिद्ध आहेत, त्यावर रानडुक्कर आणि गलबत येतं. शिक्का म्हणजे नाणं खराब झालं असं समजू नका, कधी कधी शिक्काच जास्त बोलतो.

आणि नाण्याच्या मधोमध जो खड्डा असतो, तुमच्या पहिल्या नाण्यावर पण दिसतोय, तोही डॅमेज नाही. मोएसिया, थ्रेस आणि इजिप्तच्या ब्रॉंझवर सर्रास दिसतो, चकती तयार करतानाची खूण. कुणी 'भोक पाडलंय' म्हणून भाव पाडायला लागला तर गप्प राहून घेऊन टाका.

स्टुटगार्टकर

हे भारीच चाललंय. नंबर २ ते ६ बघा ना प्लीज. दोनवर काठ्या काठ्या आहेत, तीनवर एक बाई आणि दोन बाजूंना दोन जनावरं, चारवर माळेत दोन मोठी अक्षरं, पाचवर बादशहाच सापडत नाहीये, पंख असलेली बाई आहे.

अर्धवटराव

२: नाइसिया, आज इझनिक, तुर्कस्तान. काठ्या म्हणजे सैन्याची निशाणं. काठ्यांच्या मधल्या फटींत अक्षरं तुकडे करून टाकलीत, जोडून वाचलं की निकाइयोन. काकांचा 'कर'! मुखडा सेव्हेरस अलेक्झांडर वाटतोय. ढिगाने मिळतात ही, शिकायला उत्तम.

३: विमिनाकियम, आज कोस्तोलात्स, सर्बिया. ही रोमन वसाहत, म्हणून अक्षरं लॅटिन, पी एम एस सी ओ एल व्ही आय एम. बैल आणि सिंह ही त्या प्रांतातल्या दोन लीजनची चिन्हं, सातवी आणि चौथी. खाली 'एएन' नंतर तीन काठ्या दिसतायत, म्हणजे वसाहतीचं तिसरं वर्ष. पहिलं वर्ष २३९-४० धरतात, म्हणून हे २४१-४२. यांनी नाण्यावर वर्ष घातलं म्हणून कल्याण असो.

४: अँटिओक, सीरिया (आज अंताक्या, तुर्कस्तानात). माळेतलं एस सी म्हणजे सिनेटच्या ठरावाने. मुखडा पुरता झिजलाय, चांगला फोटो हवा. पण त्या हिरव्या ठिपक्यांकडे काका बघा.

५: फिलिपी, ग्रीस. यावर बादशहा नाहीच! पंखवाली विजयदेवी, मागे तीन निशाणं, आणि फिलिपीच्या प्रिटोरियन (बादशहाच्या खास पहाऱ्याच्या) तुकडीचं नाव. बादशहाशिवायची नाणी पण असतात, कधी देवी, कधी 'पवित्र सिनेट' असं लिहिलेला तरुण चेहरा. सगळे नवशिके तासन् तास तो कुठला बादशहा शोधत बसतात.

६: छातीवर अंडीवाली म्हणजे इफेससची आर्टेमिस. पण...

शिवराईवाला

पण खोटं आहे. कडेला सगळीकडून फिरणारी रेघ दिसतेय, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, आणि अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी गुळगुळीत. साच्यात ओतलेलं. खरी नाणी ठोकून पाडलेली असतात, कड बहुतेक वेळा चिरलेली असते. मेहुण्याने अवशेषांपाशी कुणा पोराकडून घेतलंय ना? आणि खोटं निघालं हे नशीब समजा. तुर्कस्तानात १९८३ च्या कायद्याने पुरावस्तू देशाबाहेर नेणं हा मोठा गुन्हा आहे, विमानतळावर पर्यटकांना अडकवल्याच्या बातम्या येतच असतात. मेहुण्यांना सांगा पुढच्या वेळी लोकूम (तिकडची मिठाई) आणा.

स्टुटगार्टकर

मेहुणा म्हणतोय 'मी खोटंच समजून आणलं होतं'. काल दुपारपर्यंत दोन हजार वर्षांपूर्वीचं होतं.

निळाईत

आर्टेमिसवरून आठवलं, इफेससची नाणी वाचताना 'नेओकोरोन' शब्द सारखा दिसतो. ते काय? आम्ही दोन वर्षांपूर्वी तिकडे गेलो होतो तेव्हा गाईड भराभरा बोलला आणि पुढे गेला.

शिवराईवाला

हा माझा आवडता भाग. नेओकोरोस म्हणजे मूळ अर्थाने देवळाची झाडलोट करणारा, पण इथे अर्थ बादशहाच्या देवळाचा मान मिळालेलं शहर. हा मान रोमकडून मिळायचा, आणि मिळाला की लगेच नाण्यावर. दुसऱ्यांदा मिळाला की 'दोनदा', तिसऱ्यांदा 'तीनदा', इफेससने तर पुढे चार केले. इफेसस, पर्गामॉन आणि स्मिर्ना या तिघांत 'आशियातले पहिले' (आशिया म्हणजे तेव्हाचा तिकडचा रोमन प्रांत) कोण यावरून अशी जुंपलेली असायची की अँटोनायनस पायस बादशहाला इफेससकरांना पत्र लिहावं लागलं होतं, स्मिर्नाकरांनी पदव्या पूर्ण लिहिल्या नाहीत याबद्दलच्या तक्रारीवरून. पुण्यातला मानाचा पहिला, मानाचा दुसरा आठवा, फक्त इथे तिघंही म्हणतायत पहिला मीच. आणि मग याच शहरांनी 'होमोनोइया' म्हणजे एकोप्याची नाणी पाडलीत, दोन गावांच्या देवता शेजारी उभ्या करून, दोन्ही 'करांची' नावं टाकून. भांडणं किती असतील ते त्या नाण्यांच्या संख्येवरून कळतं, असं आपलं माझं मत.

सोलापुरी_चादर

काका, चार नंबरवरच्या हिरव्या ठिपक्यांचं राहिलं. आणि साफ कसं करायचं? आमच्याकडे आजी चिंच लावून तांब्या लख्ख करायची.

शिवराईवाला

चिंच, लिंबू-मीठ, भांडी घासायची पावडर, कोलगेट, सगळं बंद! मी १९९४ मध्ये एक सुंदर काळी कुळकुळीत शिवराई चिंचेत घातली आणि दहा मिनिटांत ती नवीन नळाच्या तोटीसारखी गुलाबी झाली. अजून ठेवलीय, डोळ्यांसमोर. ब्रॉंझवरचा तो काळा-हिरवा थर (पॅटिना) म्हणजे नाण्याची कातडी आहे, अक्षरं बऱ्याचदा त्या थरातच राहिलेली असतात, तो काढला की खाली काही नसतं. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये आठवडेच्या आठवडे भिजवा, पाणी बदलत राहा, मऊ ब्रश, आणि लाकडी टूथपिक. नळाचं पाणी नको, क्लोरीन असतं.

आता ते ठिपके. घट्ट गडद हिरवा असेल तर काळजी नाही. पण फिकट पोपटी, भुकटीसारखा, नखाने खरवडला की पडणारा असेल तर तो ब्रॉंझ डिसीज. धातूत अडकलेले क्लोराइड आणि हवेतली ओल मिळून नाणं आतून खात जातं. ते नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं करा, भुकटी टूथपिकने काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पूर्ण वाळवा, मग सिलिका जेलबरोबर बंद डब्यात. परत येतो का ते महिना-दोन महिने बघा. स्टुटगार्टात हीटर लावून कोरडं असेल, तिथे बरं. इथे कोकणात, मुंबईत जूनमध्ये उघडी ठेवलीत तर गणपतीपर्यंत हिरवी भुकटी तयार. आणि ती मऊ प्लास्टिकची पाकिटं येतात ना वास येणारी, पीव्हीसीची, त्यात तर अजिबात नको, त्यातून हिरवा चिकट द्राव सुटतो. कागदी पाकीट नाहीतर लाकडी ट्रे.

कोकणी_मेवा

जून ते गणपती हे वाचून कपाट उघडून आले. धन्यवाद, झोप उडाली.

अर्धवटराव

धागाकर्ते, आता पुढचं काम घरबसल्या. रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज नावाचा प्रकल्प आहे, पहिला खंड १९९२ ला आला, आता त्यांचं काम ऑनलाइन फुकट बघता येतं. तिथे शहर टाका, बादशहा टाका, पुढच्या-मागच्या चित्राचा एखादा शब्द टाका, फोटोंसकट यादी येते. थ्रेस आणि मोएसियासाठी कॉर्पस नुमोरुम पण उत्तम. पण वजन आणि व्यास आधी लिहून ठेवा, एकाच चित्राची लहान-मोठी दोन नाणी असतात आणि नुसत्या फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. आणि पुढची-मागची बाजू एकमेकांना सरळ आहेत की उलटी तेही लिहा.

पायलीभर

किंमत किती हो याची? कुणी बोलतच नाहीये.

शिवराईवाला

मुद्दाम बोलत नाहीये. किंमत बघून घेणारे लोक सोन्याची घेतात. ही नाणी झिजलेली, गाव अर्धं, बादशहा ओळखू न येणारा, म्हणून स्वस्त, आणि म्हणूनच पेन्शनरला परवडतात. एक सांगतो, धागाकर्ते, पावती जपून ठेवा आणि भारतात आणायचा विचार असेल तर नीट विचार करा. आपल्या १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तूत मोडतं आणि खाजगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. एकदा आत आलं की परत स्टुटगार्टला जाताना कुणाशी वाद घालणार तुम्ही?

स्टुटगार्टकर

दोन आठवड्यांनी परत आलो, उशीर झाल्याबद्दल सॉरी. प्रत्येक नाण्याची चिठ्ठी लिहिली, चार नंबर वेगळ्या डब्यात वाळतोय, भुकटी परत आलेली नाही. पहिलं नाणं त्या साइटवर तंतोतंत सापडलं: गोर्डियन तिसरा, सेरापिस, मागे टिखी, मीनोफिलस. बायकोने माप-ओलांडण्याचा विनोद तिच्या आईला सांगितला, त्यामुळे वातावरण निवळलंय.

पण खरी गंमत वेगळीच. आमच्या टीममध्ये एक बल्गेरियन मुलगा आहे, जेवणाच्या सुट्टीत त्याला फोनवर फोटो दाखवला. देव्न्या म्हटल्यावर हसायलाच लागला, म्हणे तिथे सोड्याचे कारखाने आहेत, आम्ही लहानपणी गाडीची काच वर करून जायचो. मग त्याने सांगितलं की १९२९ मध्ये तिथेच रोमन चांदीच्या नाण्यांचा एवढा मोठा साठा निघाला होता की मोजलेलीच ८०,००० वर होती. मी जाऊन बघितलं तर खरंच आहे. मग त्याने फोन हातात घेतला आणि ग्रीक अक्षरं माझ्यापेक्षा भराभर वाचली, त्यांच्या लिपीतही ऱ्हो तसाच आहे ना. 'मार्कियानोपोलितोन' मोठ्याने म्हटलं.

खोडसाळपंत

म्हणजे शेवटी एक जिताजागता मार्कियानोपोलिसकर भेटला म्हणायचा!

स्टुटगार्टकर

मीही त्याला तेच म्हटलं पंत, तर चिडला. म्हणे मी वार्नाचा आहे, देव्न्याचा नाही, तिकडच्यांत धरू नकोस. आणि विचारतोय वार्नाचं नाणं कुठे मिळेल, ई वालं.